शंखावरची जिवंत लव: हर्मिट क्रॅबच्या पाठीवरचा हायड्रॅक्टिनिया शोधावा, ओळखावा आणि पाहावा कसा

अमेरिकेच्या ईशान्य किनाऱ्यावर, न्यू जर्सीपासून मॅसॅच्युसेट्सपर्यंत, उन्हाळ्यात घोटाभर पाण्यात थोडा वेळ स्थिर उभं राहिलं की तळाशी लहान लहान शंख चालताना दिसतात. शंख गोगलगायीचे, पण आत गोगलगाय नाही. ती केव्हाच मेली, आता त्या रिकाम्या घरात हर्मिट क्रॅब, म्हणजे शंखखेकडा राहतो. यांतले बरेच शंख गुळगुळीत असतात. काहींवर मात्र फिकट गुलाबी-तपकिरी, टर्किश टॉवेलसारखी लव दिसते. पुष्कळ लोक तिला शेवाळ समजून शंख टाकून देतात. ती लव म्हणजे प्राणी आहे: हायड्रॅक्टिनिया सिम्बायोलाँगीकार्पस, वसाहत करून राहणारा छोटा समुद्री हायड्रॉइड, म्हणजे जेलीफिशच्या गोतातला, एका जागी चिकटून वाढणारा जीव.

महाराष्ट्रात प्राणिशास्त्र शिकलेल्या प्रत्येकाने ओबेलिया या दुसऱ्या हायड्रॉइडची पर्मनंट स्लाइड पाहिलेली असते. सूक्ष्मदर्शकाखाली लाल रंगवलेली एक मेलेली फांदी, वहीत तिची पेन्सिलीने काढलेली आकृती, आणि परीक्षेला ‘बहुरूपता’, म्हणजे एकाच वसाहतीत वेगवेगळ्या कामांसाठी वेगवेगळ्या रूपाचे घटक, या विषयावर टीप. तीच बहुरूपता जिवंत, हलती, खाताना आणि भांडताना पाहायची असेल तर हायड्रॅक्टिनियाइतका सोयीचा प्राणी मला दुसरा माहीत नाही. एडिसन, न्यू हेवन किंवा बॉस्टनच्या आसपास राहणाऱ्या मराठी घरांना तो तास-दोन तासांच्या अंतरावर भेटतो, आणि त्यासाठी दहापट मोठं दाखवणारं भिंग पुरतं.

या लेखात एकाच गोष्टीवर माझा भर आहे. या प्राण्याकडे पाहण्याआधी शंखाकडे पाहा. शंखाचं तोंड, पाठ, घासला जाणारा भाग आणि कडा या जागा वेगळ्या ओळखल्यात, की कोणता पॉलिप (वसाहतीतला एकेक नळीसारखा घटक) कुठे का आहे ते आपोआप उलगडत जातं. याचा अधिवास म्हणजे समुद्राचा तळ नव्हे, चार-पाच चौरस सेंटिमीटरचा हा चालता शंख आहे.

एक प्राणी की शेकडो?

वसाहतीची सुरुवात एकाच अळीपासून होते. प्लॅन्यूला नावाची ही अळी अर्ध्या मिलिमीटरच्या आसपास लांब, निमुळती असते. ती शंखावर बसते आणि दिवसभरात तिचा पहिला पॉलिप होतो: खाली चिकटलेला देठ, वर तोंड, तोंडाभोवती शुंडकं. त्याच्या पायथ्यापासून बारीक नळ्या शंखावर पसरतात. या नळ्यांना स्टोलॉन म्हणतात. नळ्यांवर नवे पॉलिप फुटतात, मग नळ्यांमधली जागा भरून येते आणि शंखाला चिकटून एक सलग मांसल थर तयार होतो. सगळे पॉलिप या थरातल्या नळ्यांनी एकमेकांना जोडलेले असतात. एकाने खाल्लेलं अन्न बाकीच्यांपर्यंत पोहोचतं. म्हणून जनुकांच्या हिशेबाने तो एक जीव आणि डोळ्यांच्या हिशेबाने शेकडो. मला दोन्ही उत्तरं बरोबर वाटतात, आणि विद्यार्थ्यांना शिकवताना त्यांतलं एक निवडायची घाई करू नये असंही वाटतं.

पुष्कळ हायड्रॉइड आयुष्यात कधीतरी छोटी जेलीफिश, म्हणजे मेड्यूसा सोडतात. हायड्रॅक्टिनियाने ती पायरी गाळली आहे. त्याची अंडी आणि शुक्रपेशी वसाहतीवरच पिकतात आणि तिथूनच पाण्यात जातात. एक वसाहत एकतर नर असते किंवा मादी.

या साध्या प्राण्यावर जीवशास्त्रातलं मोठं काम झालं आहे. जर्मन शास्त्रज्ञ ऑगस्ट वाइजमान यांनी १८८३ मध्ये हायड्रॉइडच्या जननपेशी कुठून येतात यावर ग्रंथ प्रसिद्ध केला आणि त्यांचा पुढचा जननद्रव्याचा सिद्धान्त (वारसा फक्त जननपेशींतून पुढे जातो हा) याच निरीक्षणांच्या वाटेने आला. आज आयर्लंडमधलं गॉलवे आणि अमेरिकेतली राष्ट्रीय आरोग्य संस्था इथल्या प्रयोगशाळा मूळपेशी (स्टेम सेल) आणि पुनर्जनन समजून घेण्यासाठी हायड्रॅक्टिनिया पाळतात. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात असं दिसलं, की पॉलिपच्या तोंडाचं मूळपेशी नसलेलं टोक कापून वेगळं केलं तरी त्यातल्या काही पेशी आधी म्हाताऱ्या होतात, आणि त्या म्हातारपणाच्या इशाऱ्यावर इतर पेशी नव्याने मूळपेशी बनून अख्खा प्राणी उभा करतात. म्हातारपण आणि नवनिर्मिती यांचं असं नातं या लवेसारख्या दिसणाऱ्या जिवात सापडावं, याचं मला अजून आश्चर्य वाटतं.

पायरी १: जागा आणि वेळ

पॅग्युरस लाँगीकार्पस हा शंखखेकडा या कामासाठी शोधायचा. त्याला शांत, उथळ पाणी आवडतं: वाळू आणि चिखल मिसळलेला तळ, मधूनमधून दगड, शेजारी समुद्री गवत. उघड्या लाटांच्या किनाऱ्यापेक्षा खाडीच्या आतली बाजू बरी. न्यू जर्सीत सँडी हूकची खाडीकडची बाजू, कनेटिकटमध्ये लाँग आयलंड साउंडचे उथळ किनारे, ऱ्होड आयलंडमध्ये नॅरॅगॅन्सेट बे आणि मॅसॅच्युसेट्समध्ये केप कॉडचा दक्षिण भाग या चांगल्या जागा आहेत.

ओहोटीचं गणित कोकणात वाढलेल्यांना सांगायला नको, पण इथे एक फरक लक्षात ठेवा. भरती-ओहोटीतला फरक जागेनुसार खूप बदलतो. बॉस्टनला तो सरासरी तीन मीटरच्या जवळ, न्यू हेवनला दोन मीटरच्या आसपास, सँडी हूकला दीड मीटरच्या आत, तर केप कॉडवरच्या वुड्स होलला जेमतेम अर्धा मीटर असतो. म्हणजे बॉस्टनकडे ओहोटीची वेळ चुकली तर दिवस फुकट, आणि वुड्स होलला वेळ थोडी इकडेतिकडे झाली तरी चालतं. ‘नोआ’ या सरकारी संस्थेच्या संकेतस्थळावर प्रत्येक ठिकाणचं कोष्टक मोफत मिळतं. अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणाची ओहोटी निवडा, आणि पाणी तळाला जाण्याच्या तासभर आधी पोहोचा.

महिने जून ते सप्टेंबर. थंडी पडू लागली की हे खेकडे खोल पाण्याकडे सरकतात आणि वाळूत पुरून घेतात. नोव्हेंबरनंतर किनाऱ्यावर शोधण्यात अर्थ नाही.

जाण्याआधी त्या जागेचे नियम वाचा. राष्ट्रीय उद्यानांत आणि राखीव किनाऱ्यांवर जिवंत प्राणी नेणं बंद असतं, राज्याराज्यांचे नियमही वेगळे आहेत. जागच्या जागी पाहून सोडायचं ठरवलं तरी फलक वाचल्याशिवाय पाण्यात उतरू नये.

पायरी २: सोबत काय घ्यावं

दहापट भिंग, पांढरा उथळ ट्रे, एक छोटा पारदर्शक काचेचा किंवा प्लास्टिकचा डबा, काळा कागद, लहान टॉर्च आणि झाकणाची बादली. डबा आणि ट्रे साबणाने धुतलेले असतील तर पाण्याने अनेकदा खळबळून घ्या. तांब्या-पितळेचं भांडं अजिबात नको. तांब्याचा अंश या प्राण्यांना विषासारखा बाधतो. पायांत बंद बूट हवेत, कारण शिंपल्यांच्या धारा फार लागतात.

हायड्रॅक्टिनियाला दंशकोशिका असल्या तरी बोटांच्या जाड कातडीला त्यांचा त्रास जाणवत नाही. डोळ्यांना मात्र हात लावण्याआधी धुवावा. (कोकणच्या खडकांवर पिसासारखे वाढणारे काही हायड्रॉइड चांगलेच झोंबतात. ही निर्धास्ती तिथे लागू करू नका.)

पायरी ३: खेकडा ओळखा, मग शंख

या किनाऱ्यावर हायड्रॅक्टिनियाच्या दिसायला जवळजवळ सारख्या अशा तीन जाती आहेत, आणि त्या ओळखायची सगळ्यात सोपी खूण त्यांच्या अंगावर नाही, त्यांच्या खेकड्यात आहे. पूर्वी या सगळ्यांना युरोपातल्या हायड्रॅक्टिनिया एकायनाटाच्याच नावाखाली धरत. १९८९ मध्ये लिओ बस आणि फिलिप युंड यांनी त्या वेगळ्या काढल्या. आपल्याला हवी ती जात पॅग्युरस लाँगीकार्पसवर, दुसरी पॅग्युरस पॉलिकॅरिसवर, तिसरी थंड पाण्यातल्या पॅग्युरस अकॅडियानसवर.

त्यामुळे आधी खेकड्याचा डेंगा पाहा. पॅग्युरस वंशात उजवा डेंगा मोठा असतो. (कोकणातल्या डायोजेनिस या शंखखेकड्याचा डावा मोठा, आणि क्लिबानेरियसचे दोन्ही सारखे. सुट्टीत घरी गेलात की तपासून पाहा.) लाँगीकार्पसचा डेंगा लांबट, सडपातळ, त्यावरून राखाडी-तपकिरी पट्टा गेलेला. पॉलिकॅरिसचा डेंगा रुंद आणि चपटा, शंखाचं दार बंद करता येईल असा. तो मोठा खेकडा असल्याने मोठ्या शंखांत राहतो. अकॅडियानसच्या डेंग्यावर नारिंगी-तांबूस पट्टा असतो आणि तो बहुतेक केप कॉडच्या उत्तरेला भेटतो.

लाँगीकार्पस ज्या शंखांत राहतो ते बहुतेक पेरिविंकल म्हणजे लिटोरिना, नाहीतर चिखलातली काळसर गोगलगाय. मूठभर शंख ट्रेमध्ये घ्या, अंगठ्याएवढ्या पाण्यात ठेवा आणि पाच मिनिटं काहीही करू नका. खेकडे चालू लागतील. आता लव असलेले शंख वेगळे काढा.

कशाची गल्लत होते? शेवाळाची लव हिरवी किंवा काळपट असते आणि पाणी हललं की एका दिशेला वाहते. हायड्रॅक्टिनियाचे पॉलिप पाणी थांबल्यावरही आपापले हलतात, आखडतात. ब्रायोझोआ हा दुसरा वसाहती प्राणी नखाला कडक लागतो, आणि भिंगाखाली त्याची चौकोनी-लंबगोल घरं ओळीने दिसतात. चपटी, कपासारखी स्लिपर शिंपली शंखाला चिकटलेली असेल तर ती ओळखायला अवघड नाही.

खरी अडचण पॉडोकोराइनाची. हाही हायड्रॉइड, हाही शंखखेकड्याच्या शंखावर, आणि दूरून पाहिलं तर अगदी असाच. फरक जननाच्या पॉलिपमध्ये. पॉडोकोराइना मेड्यूसा सोडतो, त्यामुळे त्याच्या पॉलिपवर घंटेच्या आकाराच्या पारदर्शक कळ्या असतात. हायड्रॅक्टिनियावर अंड्यांनी किंवा शुक्रपेशींनी भरलेले गोल झुबके दिसतील, घंटा कधीच दिसणार नाही. जनन सुरू नसेल तर भिंगाने खात्री करता येत नाही. अशा वेळी नोंदीत फक्त ‘हायड्रॉइड’ लिहावं.

पायरी ४: भिंगाखाली शंख वाचणं

या पायरीला सगळ्यात जास्त वेळ द्या. बाकीची सगळी तयारी हिच्यासाठी आहे.

एक लव असलेला शंख छोट्या डब्यात घ्या, तो पूर्ण बुडेल इतकं समुद्राचंच पाणी घाला. डब्याखाली काळा कागद ठेवा. टॉर्चचा उजेड वरून टाकू नका, बाजूने टाका. पॉलिप अर्धपारदर्शक असल्याने वरच्या उजेडात ते धुऊन निघाल्यासारखे होतात, बाजूच्या उजेडात एकेक शुंडक उठून दिसतं. हाताळल्यावर सगळे पॉलिप आखडून बारीक दाण्यांएवढे होतात, तेव्हा पाच-दहा मिनिटं डबा हलवू नका.

सुरुवात शंखाच्या पाठीवरून करा. इथे दाटीने उभे असतात ते खाणारे पॉलिप. उंची काही मिलिमीटर, वर शंकूसारखं तोंड, त्याखाली शुंडकांचं कडं. थांबून पाहिलंत तर कळेल की ते पाण्याबरोबर डोलत नाहीत. काही वाकून बाजूला चाचपडतात, काहींचं तोंड मध्येच उघडतं. शिजवलेल्या कोळंबीचा टाचणीच्या डोक्याएवढा तुकडा पाण्यातून हळूच एका पॉलिपवर सोडा. शुंडकं आवळतात, तोंड ताणलं जातं आणि स्वतःपेक्षा रुंद घास आत जातो.

त्यांच्याच मध्ये, उन्हाळ्यात, जननाचे पॉलिप असतात. हे बुटके, शुंडकांऐवजी डोक्यावर नुसत्या गाठी, आणि मधल्या भागाला झुबके लागलेले. त्यांना स्वतःला खाता येत नाही, शेजारी खातात ते नळ्यांतून यांना मिळतं. नर की मादी हे इथेच ठरवता येतं. मादीच्या झुबक्यांत एकेक अंडं सुटं, गोल मोजता येतं. नराचे झुबके आतून एकसारखे दुधाळ पांढरे असतात, त्यांत दाणे दिसत नाहीत. दोन-तीन शंख शेजारी ठेवून तुलना केलीत की फरक डोळ्यांत बसतो.

आता शंखाचं तोंड. खेकडा आत लपलेला असेल तर शंख पाण्यातच पालथा करून ठेवा, म्हणजे तोंड वर येईल. खेकड्याला उताणं राहणं आवडत नाही, थोड्या वेळाने तो अर्धा बाहेर येऊन स्वतःला सरळ करायला बघतो. त्या क्षणी शंखाच्या ओठाची कडा मोकळी दिसते. तिथे लांब, बारीक, तोंड नसलेले पॉलिप असतात, बरेचदा घड्याळाच्या स्प्रिंगसारखे गुंडाळलेले. हे संरक्षक पॉलिप. त्यांच्या टोकाला दंशकोशिकांचे पुंजके असतात. शंखाच्या इतर भागांवर ते जवळजवळ नसतात. खेकडा जिथून ये-जा करतो, जिथे दुसरा कोणी डोकावतो, नेमके तिथेच ते येतात. शंखातून खेकडा कायमचा गेला तर हे पॉलिप हळूहळू नाहीसे होतात, म्हणजे वसाहत आपलं शरीर भाडेकरूच्या असण्यानुसार घडवते. खेकड्याला मात्र कधीही ओढून बाहेर काढू नका. त्याचं पोट मऊ असतं, ते फाटतं.

चौथी जागा म्हणजे शंखाचा जमिनीला घासणारा भाग. चालताना शंख वाळूवर ओढला जातो आणि तिथे मऊ पॉलिप टिकत नाहीत. या भागात कायटिनचे (खेकड्याच्या कवचात असतं त्या कडक द्रव्याचे) बारीक, दातेरी काटे जास्त उठून दिसतात. काटे सगळ्या थरावर विखुरलेले असले तरी घासल्या जाणाऱ्या ठिकाणी त्यांचं महत्त्व कळतं: त्यांच्या आडोशाला मांसल थर वाचतो. सुईचं बोथट टोक अलगद फिरवलं तर ते कडक लागतात.

पाचवी जागा वसाहतीची वाढती कडा. अर्धवट झाकलेला शंख मिळाला तरच ती दिसते, म्हणून असा शंख सापडला तर तो आधी पाहा. इथे थर पातळ होत जातो आणि कुठे कुठे सुट्या नळ्या पुढे गेलेल्या दिसतात. याच भागात एका शुंडकाएवढे बारीक, दोऱ्यासारखे पॉलिपही आढळू शकतात. एकाच जनुकसंचातून पाच तऱ्हेचे अवयव म्हणावेत असे हे प्राणी, आणि कोण कुठे उगवणार हे शंखाचा आकार आणि खेकड्याचं चालणं ठरवतं.

वहीत शंखाची साधी रेषाकृती काढा आणि प्रत्येक जागी काय दिसलं ते तिच्यावरच लिहा. फोटोपेक्षा ही आकृती जास्त उपयोगी पडते, कारण फोटो काढताना आपण सुंदर भाग निवडतो आणि आकृती काढताना रिकामे भागही भरावे लागतात.

पायरी ५: दोन वसाहतींची सीमा शोधा

एकाच शंखावर दोन अळ्या बसल्या, तर दोन्ही वसाहती वाढत वाढत एकमेकींना भिडतात. मग दोनच शक्यता. एक तर त्या जोडल्या जातात, थर एकसंध होतो, नळ्या एकमेकींत उघडतात. नाहीतर लढाई होते. भिडलेल्या कडेवर नळ्या सुजल्यासारख्या जाड होतात, समोरच्या वसाहतीवर चढतात आणि दंशकोशिका सोडून तिचे ऊतक मारतात. शंखावर असा सुजलेल्या नळ्यांचा उंचवटा किंवा दोन रंगछटांमधली सरळ सीमा दिसली तर थांबून बारकाईने पाहा.

आपलं कोण आणि परकं कोण हे ठरवणारी दोन जनुकं संशोधकांनी शोधली: एएलआर-२ ची ओळख २००९ मध्ये, एएलआर-१ ची २०१० मध्ये प्रसिद्ध झाली. दोन्ही ठिकाणी किमान एक प्रत जुळली तर वसाहती कायमच्या जोडल्या जातात. एकाच ठिकाणी जुळली तर आधी जोडल्या जाऊन नंतर तुटतात. कुठेच नाही जुळली तर लढाई. या जनुकांचे प्रकार निसर्गात इतके आहेत की नातं नसलेल्या वसाहती सहसा जुळत नाहीत. रक्त आणि मेंदू नसलेल्या जिवाला आप्त-परक्यांची ही पारख आहे. अवयवरोपणात शरीर परका अवयव का नाकारतं हा प्रश्न ज्यांना पडतो, त्यांनी हा उंचवटा एकदा तरी भिंगाखाली पाहावा.

पायरी ६: सकाळचा उजेड

ही पायरी घरी किंवा शाळेच्या प्रयोगशाळेत करायची, आणि प्राणी नेण्याची परवानगी असेल तरच. वुड्स होलची मरीन बायॉलॉजिकल लॅबोरेटरी १८८८ मध्ये स्थापन झाली. शाळा-महाविद्यालयांना सागरी प्राणी पुरवण्याची तिची जुनी परंपरा आहे, शिक्षकांनी तिथे चौकशी करावी.

पिकलेल्या झुबक्यांचा एक नर शंख आणि एक मादी शंख एकाच काचेच्या वाडग्यात ठेवा, रात्रभर पूर्ण अंधारात. सकाळी दिवा लावा किंवा वाडगा उजेडात आणा आणि वेळ लिहून ठेवा. साधारण एक ते दीड तासात नर दुधाळ धूर सोडल्यासारख्या शुक्रपेशी सोडतो आणि मादीची अंडी झुबक्यांतून निसटून तळाशी बसतात. तळाची अंडी ड्रॉपरने स्वच्छ समुद्री पाण्याच्या वेगळ्या बशीत घ्या. नाहीतर वसाहतीचे पॉलिप ती खाऊन टाकतील. तासाभरात पेशीविभाजन सुरू होतं, आणि दोन-तीन दिवसांत निमुळत्या प्लॅन्यूला अळ्या बशीच्या तळावर सरपटताना दिसतात.

त्या पोहत दूर जात नाहीत, तळालाच राहतात. निसर्गात वाळूवर पडलेल्या अळीवरून एखादा शंख घासत गेला की ती दंशकोशिकांनी त्याला पकडते. पकडल्यानंतरही लगेच पॉलिप होत नाही. शंखावर ठरावीक जिवाणूंचा थर असेल तरच रूपांतराची सुरुवात होते. कोऱ्या काचेवर ठेवलेल्या अळ्या म्हणूनच दिवसेंदिवस नुसत्या सरपटत राहतात. (प्रयोगशाळांत हे काम सीझियम क्लोराइडने करतात. घरी त्याच्या वाटेला जाऊ नये.) शंखखेकड्याचा जुना, रिकामा, पाण्यात मुरलेला शंख बशीत ठेवून पाहा, पहिला पॉलिप उगवलेला दिसण्याची शक्यता बरीच वाढते.

पायरी ७: काचेवर वसाहत वाढवणं

शंख वाकडा असल्याने सूक्ष्मदर्शकाखाली सगळं एकाच वेळी स्पष्ट दिसत नाही. म्हणून संशोधक वसाहतीचा तुकडा काचपट्टीवर लावतात. धारदार पात्याने शंखावरून चार-पाच खाणारे पॉलिप असलेला थराचा तुकडा अलगद सोलून घ्या, काचपट्टीवर ठेवा आणि सुती किंवा नायलॉनच्या दोऱ्याने हलकेच बांधा. काही दिवसांत नळ्या काच धरतात, मग दोरा काढून टाका. मूळ वसाहतीचा सोललेला भाग परत भरून येतो.

पाणी मत्स्यालयाच्या समुद्री मिठाचं, लिटरला साधारण ३० ग्रॅम. स्वयंपाकाचं मीठ चालत नाही. नळाच्या पाण्यात क्लोरीन आणि तांब्याचा अंश असू शकतो, त्यामुळे गाळलेलं शुद्ध पाणी वापरा. तापमान १८ ते २२ अंश सेल्सियस. हवेचा बुडबुडा हळू चालू ठेवा.

खाणं म्हणजे आर्टेमिया या खाऱ्या पाण्यातल्या छोट्या कोळंबीसारख्या जिवाची नुकती उबलेली पिल्लं, आठवड्यातून तीनदा. अंडी मिठाच्या पाण्यात दिवसभरात उबतात. पिल्लं बारीक गाळणीत स्वच्छ समुद्री पाण्याने धुऊन मगच घाला. तासाभराने उरलेली पिल्लं काढून पाणी बदला. शिळं अन्न राहिलं की वसाहत दोन दिवसांत पांढरी पडून विरघळू लागते, आणि काचेवरच्या वसाहती जातात त्या बहुतेक उपासाने नव्हे, घाणीने. आर्टेमिया नारिंगी असतो, त्यामुळे खाल्लेला पॉलिप आतून नारिंगी होतो. सूक्ष्मदर्शकाखाली नळ्यांमध्ये कणांचा प्रवाह एकदा इकडे, एकदा तिकडे वाहताना दिसतो. ओबेलियाच्या स्लाइडवर जे कधीच दिसत नाही ते हेच.

खेकड्याला काय मिळतं?

हा प्रश्न प्रत्येक मूल विचारतं, आणि ‘दोघांचाही फायदा’ हे पाठ्यपुस्तकी उत्तर देऊन मोकळं होऊ नये. वसाहतीचा फायदा स्पष्ट आहे: चिखलात पुरलं न जाता फिरायला मिळतं आणि खेकड्याच्या खाण्यातले कण मिळतात. खेकड्याचं गणित गुंतागुंतीचं आहे. काही अभ्यासांत हायड्रॉइडने झाकलेल्या शंखातले खेकडे शिकाऱ्यांपासून वाचलेले दिसले, काहींत उलट असे शंख कमकुवत निघून खेकडे जास्त मारले गेले, आणि लाँगीकार्पसच्या माद्यांना अंडी वाढवताना तोटा झाल्याचंही आढळलं. शिकारी कोण, शंख कसा, खेकडा कोणता यावर उत्तर बदलतं. हायड्रॅक्टिनिया खाणाराही आहेच: कुथोना नाना नावाची सागरी गोगलगाय हेच पॉलिप खाऊन त्यांच्या न फुटलेल्या दंशकोशिका स्वतःच्या पाठीवर साठवते. वसाहतीत टक्कल पडलेला भाग आणि त्याच्या कडेला पिवळसर-गुलाबी बोटांसारख्या पाठीची काही मिलिमीटरची गोगलगाय दिसली, तर तो शंख धुऊ नका.

पायरी ८: परत सोडणं आणि नोंद

बादलीतलं पाणी उन्हात झपाट्याने तापतं, म्हणून तासाभराच्या आत खेकडे सोडावेत. जिथून उचलले तिथेच, पाण्याखाली, शंखाचं तोंड खाली करून. कोरड्या वाळूवरून पाण्याकडे फेकू नका, पॉलिप वाळूने चिरडले जातात. एका जागचा शंख दुसऱ्या खाडीत सोडू नये. मत्स्यालयातलं पाणी किंवा तिथे वाढवलेली वसाहत समुद्रात ओतू नये. रिकामे शंखही घरी आणू नका, त्या किनाऱ्यावर पुढच्या खेकड्याला घर म्हणून तेच लागतात.

नोंद आयनॅचरलिस्ट या निसर्गनोंदींच्या संकेतस्थळावर टाकता येते, पण लवेचा एकच फोटो टाकला तर जात ठरवणाऱ्याला काही सांगता येत नाही. चार फोटो द्या: खेकड्याचा उजवा डेंगा, अख्खा शंख, शंखाच्या ओठाची कडा आणि जननाच्या पॉलिपचे झुबके. वर्णनात तारीख, ओहोटीची वेळ, तळ वाळूचा की चिखलाचा, शंख कोणत्या गोगलगायीचा आणि वसाहत नर की मादी हे लिहा. लव नसलेले किती शंख त्याच ट्रेमध्ये होते तेही मोजून लिहा, कारण लोक लव असलेलेच शंख कळवतात आणि दर शेकडा किती शंखांवर ती आहे हा आकडा त्यामुळे कोणालाच काढता येत नाही.

भारतात असाल तर याच पद्धतीने पॉर्पिटाची नोंद करता येईल. पावसाळ्याच्या सुमारास मुंबई-कोकणच्या वाळूवर वाहून येणारी रुपयाएवढी निळी चकती हीसुद्धा हायड्रॉइडची वसाहत आहे: मधोमध खाणारा मोठा पॉलिप, त्याभोवती जननाचे, कडेला दंश करणारे, आणि वर हवेच्या कप्प्यांची तरंगती तबकडी. ती बशीत समुद्राच्या पाण्यात पालथी ठेवा, म्हणजे खालची बाजू वर येईल, आणि मधून कडेकडे याच क्रमाने भिंग फिरवा. तिला नुसत्या बोटांनी उचलू नका, चमच्याने उचला.